कॉफीतला भुंगा, हापूसमधली माशी





आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘कॉफी’ हा शब्द वाचून काहींनी आयोजकांकडे चौकशी केली, असं मला कळलं. रत्नागिरीजवळच्या हातखंब्यात कॉफीचं काय काम? प्रश्न रास्त आहे. इथे तिठ्यावर हंगामात आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या वाशीच्या वाटेला लागतात. इथली चिंता मोहोराची, कैरीच्या गळीची, साक्याची. कॉफी आपण पितो, पिकवत नाही. महाराष्ट्रात कॉफीची झाडं पाहायची तर पार अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला जावं लागतं. पण आपलाच सह्याद्री दक्षिणेकडे धरून चालत राहा. चिकमंगळूर लागतं, कोडगू लागतं, आणि देशातली बहुतेक कॉफी त्याच उतारांवर होते. डोंगर एक, पावसाळा एक, आणि शेतकऱ्याची झोप उडवणारा जीवही एकाच मापाचा. डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय न दिसणारा.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. किडीवरचा उपाय किडीच्या आयुष्यात सापडतो. ती कुठे जन्मते, कशावर वाढते, कुठे लपते, जोडीदार कसा मिळवते, तिला कोण खातं, हे ज्याने पाहिलं त्याच्या हाती उपाय लागला. ज्याने पाहिलं नाही त्याच्या हाती पंप तेवढा राहिला. आणि हे पाहणारी माणसं आपल्याला बाहेरून मिळणार नाहीत. ती याच सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींतून यावी लागतील.

आधी कॉफी. तुमच्यापैकी अनेकांनी कॉफीचं फळ पाहिलं नसेल. करवंदाएवढं, पिकलं की लाल, आत साधारणपणे दोन बिया. या फळाला एक भुंगेरा लागतो. मादी जेमतेम दीड मिलिमीटरची, काळी. ती फळाच्या टोकाला, जिथे फुलाची खूण राहिलेली असते तिथे, बारीक भोक पाडते आणि आत शिरते. बी कोरून त्यात अंडी घालते. पिल्लं त्याच बीमध्ये वाढतात, तीच खातात. आता पुढचं ऐका. त्या पिल्लांत दहा माद्यांमागे एखादाच नर असतो. त्याचे पंख खुरटलेले. त्याला उडता येत नाही, त्याला बाहेर पडायची गरजही नाही. बहिणींशी त्याचा संग फळाच्या आतच होतो आणि तो आतच मरतो. फळातून बाहेर पडते ती गाभण मादी, पुढचं फळ शोधायला.

म्हणजे काय झालं? या किड्याचा जन्म, बालपण, लग्न, सगळं बंद दाराआड. उघड्यावर तो येतो तो एका फळातून दुसऱ्या फळात जाण्यापुरता. तुम्ही कितीही भारी औषध मारा, ते सालीवर बसणार आणि किडा आत सुखात. आफ्रिकेतला हा भुंगेरा जगभरच्या कॉफीत पसरला. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला पहिल्यांदा सापडला आणि तिथून कर्नाटकात, केरळात गेला. मळेवाल्यांनी काय केलं? तोडणीनंतर झाडावर आणि जमिनीवर राहिलेलं एकेक फळ वेचून काढायला सुरुवात केली. का? कारण पुढच्या हंगामापर्यंत मादी त्याच उरलेल्या फळांत दडून बसते, हे कुणीतरी फळं फोडफोडून पाहिलं होतं म्हणून.

या किड्यावर तरुण माणसांनी फार सुंदर काम केलं आहे. त्यातली दोन उदाहरणं सांगतो.

कॉफीच्या बीमध्ये कॅफीन असतं. झाड ते कशाला बनवतं? किड्यांनी खाऊ नये म्हणून. इतर किड्यांना ते विष आहे. मग हाच एक किडा ते पचवतो कसा? कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हाव्हिएर सेहा-नावारो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचं उत्तर दिलं. किड्याच्या आतड्यात जिवाणू राहतात आणि ते कॅफीन मोडून टाकतात. त्यांनी किड्यांना प्रतिजैविकं खाऊ घातली. जिवाणू मेले, आणि कॅफीन जसंच्या तसं विष्ठेतून बाहेर आलं. त्यातला एक जिवाणू परत दिला, कॅफीन पुन्हा मोडायला लागलं. आपण इतकी वर्षं भुंगेऱ्याशी लढत होतो, आणि त्याचं बळ त्याच्या पोटातल्या भाडेकरूत होतं. उद्या कुणी या जिवाणूंवर उपाय शोधला तर त्याची मुळं या प्रयोगात असतील.

दुसरं उदाहरण पक्ष्यांचं. कोस्टा रिकात डॅनियल कार्प नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून कॉफीच्या मळ्यांत काम करत होता. त्याने काही झुडपांवर जाळी घातली, पक्षी आत येऊ नयेत एवढीच. काही झुडपं उघडी ठेवली. मग दोन्हींकडची किडलेली फळं मोजली. आणि पक्षी पकडून, त्यांची विष्ठा गोळा करून, तिच्यात भुंगेऱ्याचा डीएनए आहे का ते तपासलं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला. पक्ष्यांनी किडीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं होतं. आणि ज्या मळ्यांच्या आजूबाजूला रानाचे तुकडे शिल्लक होते तिथे किडे खाणारे पक्षी जास्त होते. शेतकऱ्याचा वाचलेला पैसाही त्याने मांडला: हेक्टरी वर्षाला ७५ ते ३१० डॉलर. मळ्याच्या कडेचं रान ‘पडीक’ म्हणून ज्यांनी तोडलं नाही त्यांच्या पदरात ही रक्कम पडत होती, त्यांना पत्ता नसताना.

मी हे मुद्दाम तपशिलात सांगतोय. जाळी, फळं मोजायची वही आणि पक्ष्याची विष्ठा. डीएनएच्या तपासणीला प्रयोगशाळा लागली, खरं आहे. पण प्रश्न विचारायला काय लागलं? या झाडावर पक्षी आले नाहीत तर काय होईल, एवढा एक विचार.

आता थोडं कर्नाटकात या. तिथल्या अरेबिका कॉफीचा सगळ्यात जुना शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. आपल्या काजूचा रोठा आणि आंब्याचं भिरूड ज्या लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातले, त्याच कुळातला हा. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी खोडात शिरते, बोगदे पाडते, आणि झाड वाळायला लागतं तेव्हा मालकाला कळतं. या भुंग्याचं निरीक्षण करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. त्याला ऊन आवडतं. उन्हात तापलेलं, उघडं पडलेलं खोड तो अंड्यांसाठी निवडतो. मग उपाय काय? सावली. कॉफीवर मोठ्या झाडांची नीट राखलेली सावली ठेवा. आणि खोड खरबरीत कापडाने, काथ्याने घासून सैल साल काढून टाका, म्हणजे अंडी घालायला भेगच नको. बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र १९२५ पासून आहे. कॉफीचा सल्ला देणाऱ्या माणसाच्या मागे तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांचं पाहणं उभं असतं.

सावली हे औषध, बरं का. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आता आपण हापूसकडे येतोय.

आपल्या मोहोराचा शत्रू तुडतुडा. पाचरीच्या आकाराचा, तिरका चालणारा, हात लावायला गेलात की टुणकन उडणारा. मोहोर नसतो तेव्हा तो जातो कुठे? जात नाही कुठेच. सालीच्या भेगांत, दाट पानोळ्यात बसून राहतो. नवी पालवी आणि मोहोर आला की मादी कोवळ्या देठांच्या पेशींत अंडी खुपसते. अंडं देठाच्या आत असल्यामुळे फवाऱ्याचा थेंब त्याच्यापर्यंत पोचत नाही. पिल्लं बाहेर येतात, रस शोषतात, मोहोर सुकतो, चिकटा पानांवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. हे तुम्हाला मी सांगायला नको. संध्याकाळी बागेतून घरी येताना तुमच्या सदऱ्यावर तो चिकटा असतो.

पण तुडतुड्यांना कुठलं झाड आवडतं? दाट, आतून काळोखं, वारा न खेळणारं. फांद्या एकमेकांत गुंतलेली जुनी बाग. म्हणून दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं, छाटणी करा, झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्या.

कॉफीत सावली औषध. हापूसमध्ये ऊन औषध. दोन्ही सल्ले बरोबर. उलटे केलेत तर दोन्ही घातक. कुठून आला हा फरक? किड्याच्या आवडीतून. ही आवड कुणीतरी झाडापाशी थांबून, वेळोवेळी जाऊन, उन्हाच्या बाजूला किती आणि सावलीच्या बाजूला किती हे मोजून ठरवली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर ती लिहिलेली नसते.

आता फुलकिडे. त्यांनी अलीकडच्या हंगामांत आपल्याकडे जो उच्छाद मांडला आहे त्याबद्दल इथे बसलेला प्रत्येक बागायतदार तासभर बोलू शकेल. कैरीची साल खरडून खडबडीत, भुरकट करून टाकतात. एक मिलिमीटर, सव्वा मिलिमीटर लांबीचा जीव. पिढी लवकर संपते, लवकर नवी येते. आणि त्यातल्या बऱ्याच जाती एक टप्पा पालापाचोळ्यात, मातीत काढतात. आपण वर फवारतो, तेव्हा पुढची फौज खाली कोषात पडलेली असते. आठवड्याने ती वर येते आणि आपण म्हणतो, औषध भेसळीचं निघालं. औषध कधी भेसळीचं असेलही. पण एकाच गटातलं औषध पुन्हा पुन्हा मारलं की जे किडे त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. विद्यापीठाच्या वेळापत्रकात फवारणीगणिक औषधाचा गट बदललेला असतो, तो याच कारणासाठी. आपण काय करतो? शेजाऱ्याने जे मारलं ते मारतो. त्याने दोनदा मारलं तर आपण तीनदा. आणि ऐन फुलोऱ्यात मारतो, तेव्हा मोहोरावर परागकण वाहणाऱ्या माश्याही मरतात. हापूसच्या फळधारणेत या साध्या माश्यांचा वाटा मोठा आहे. त्या मेल्या, तर भरघोस मोहोर येऊनही फळ धरत नाही.

मला फवारणीच्या विरोधात भाषण करायचं नाही. ज्याचं वर्षाचं पोट दोन महिन्यांच्या पिकावर आहे त्याला ‘फवारू नको’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. मी एवढंच म्हणतो की पंप खांद्यावर घेण्याआधी कुणीतरी मोजलेलं असलं पाहिजे. एका मोहोरावर तुडतुडे किती? पांढऱ्या कागदावर मोहोर झटकल्यावर फुलकिडे किती पडले? याची नोंद ज्या वाडीत होते तिथे फवारणी वेळेवर होते आणि कमी होते.

आता मी सगळ्यात जास्त वेळ ज्या किडीसाठी राखून ठेवला आहे तिच्याकडे येतो. फळमाशी.

१ मे २०१४ हा दिवस आठवतो? त्या दिवसापासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. आंब्याबरोबर कारलं, पडवळ, वांगं आणि अळूही. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात बंदी आली. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, कारण आपण ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर फळ ठेवण्याची सोय, तपासणी, सगळं दाखवलं. अमेरिकेला जाणारा आंबा त्याआधी २००७ पासून विकिरण प्रक्रिया करून जात होता. लासलगावचं ‘कृषक’ केंद्र त्यासाठी वापरलं गेलं. हे उपाय योग्य आहेत, पण ते सगळे फळ तोडल्यानंतरचे. बागेत माशी तशीच राहिली.

ही माशी पाहिली आहे का कुणी नीट? घरमाशीहून थोडी मोठी, तपकिरी, पाठीवर पिवळे पट्टे, कमरेत बारीक. मादीच्या मागे सुईसारखी नळी. भरत आलेल्या फळाच्या सालीत ती ही नळी खुपसते आणि आत अंड्यांचा पुंजका ठेवते. बाहेर दिसतो तो एक बारीक डाग, टाचणी टोचल्यासारखा. दोन-तीन दिवसांत अळ्या. त्या गर खातात, फळ आतून सडतं आणि गळून पडतं. पुढचा भाग पाहण्यासारखा आहे. वाढ पूर्ण झालेली अळी फळातून बाहेर येते, शरीर धनुष्यासारखं वाकवते, टोकाला टोक लावते आणि उडी मारते. पाय नसलेली अळी अशी उड्या मारत मोकळ्या मातीपर्यंत जाते आणि काही सेंटिमीटर खोल कोषात जाते. साधारण दहा दिवसांनी त्या जागेतून नवी माशी वर येते. झाडाखाली पडलेलं एक किडकं फळ उचलायचं राहिलं, तर मे महिन्याच्या अखेरीची फौज तिथेच तयार होते.

आता १९१२ सालात चला. बिहारमध्ये पुसा नावाच्या गावी सरकारी शेती संशोधन संस्था होती. तीच पुढे १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला गेली आणि ‘पुसा’ हे नाव बरोबर घेऊन गेली. तिथे फ्रँक हॉवलेट नावाचा पस्तिशीचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करत होता. १९०९ मध्ये मॅक्सवेल-लेफ्रॉयने भारतातल्या कीटकांवर जो मोठा ग्रंथ काढला त्यात हॉवलेटने त्याला हातभार लावला होता. हॉवलेटच्या लक्षात आलं की सिट्रोनेला गवताच्या तेलाकडे, म्हणजे आपल्या गवती चहाच्या जातकुळीतल्या गवताच्या तेलाकडे, फळमाश्या ओढल्या जातात. बरं, ओढल्या जातात म्हणून तो थांबला असता तर ती एक गंमत राहिली असती. त्याने जमलेल्या माश्या तपासल्या. सगळे नर! एकही मादी नाही. का? या ‘का’ने त्याला सोडलं नाही. तेलातल्या घटकांचा त्याने माग काढला आणि १९१५ मध्ये नरांना वेड लावणारं द्रव्य जगासमोर ठेवलं: मिथाइल युजेनॉल. तुळशीच्या काही वाणांच्या तेलातही ते असतं. तुमच्या अंगणातल्या वृंदावनावर कधी फळमाशी घुटमळताना दिसली तर तो नर असण्याची शक्यता मोठी.

पुढच्या पिढ्यांतल्या संशोधकांनी हेही शोधलं की नर ते द्रव्य खातो, शरीरात बदलतो आणि त्यापासून मादीला बोलावणारा गंध तयार करतो. ते खाल्लेल्या नराला मादी जास्त पसंत करते. म्हणजे नर त्या वासामागे धावतो तो संसार मांडण्यासाठी. दापोलीच्या आपल्या विद्यापीठाने तयार केलेला ‘रक्षक’ सापळा, जो तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या बागेत टांगलेला आहे, तो याच ओढीवर चालतो. १९१२ च्या एका निरीक्षणाचं टोक आज हातखंब्याच्या कलमावर लोंबतंय.

मग माशी संपत का नाही? सापळ्यात शेकडो माश्या मरून पडलेल्या दिसतात, तरी फळ किडतं. कारण पुन्हा तिच्या आयुष्यातच आहे. एक नर अनेक माद्यांशी संग करतो. शंभरातले ऐंशी नर मेले, तरी उरलेले वीस काम भागवतात. नव्याण्णव मेले पाहिजेत. आणि तुमची बाग स्वच्छ झाली, तरी शेजारच्या वाडीतून, पेरूच्या झाडावरून, रायवळ आंब्याखालच्या सड्यातून गाभण मादी उडत येते. तिला तुमच्या सापळ्याचं आकर्षण नाही. सापळा नरांसाठी आहे.

प्रशांत महासागरात मारियाना बेटांमध्ये रोटा नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९६० च्या दशकात मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक शोषवलेले पुठ्ठ्याचे चौकोन विमानातून साऱ्या बेटावर टाकले गेले. पुन्हा पुन्हा, सगळीकडे. फळमाशी त्या बेटावरून नाहीशी झाली. आपण कोकण हे बेट करू शकत नाही, विमानही नको. पण तत्त्व ऐका: साऱ्या बेटावर, एकाच वेळी. एका बागेने सापळा लावला तर त्या बागेचं थोडं भागतं. साऱ्या गावाने, एकाच आठवड्यात, कैरी भरायला लागण्याआधी सापळे लावले आणि गळालेलं फळ उचललं, तर माशीच्या आयुष्याची साखळी तुटते. आपल्याकडे पाटाचं पाणी वाटून घेतात, देवळाची पालखी सगळ्या वाड्या मिळून नाचवतात. मग सापळा प्रत्येकाचा वेगळा आणि वेगळ्या तारखेला का?

गळालेल्या फळाबद्दल आणखी एक. ते खोल पुरा, असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण हवाई बेटांवरच्या संशोधकांनी त्याच्या पुढचा विचार केला. फळमाशीच्या अंड्यात अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे, फोपियस अरिसानस तिचं नाव. ती मूळची आशियातली. १९४० च्या दशकात ती हवाईत नेली आणि तिने तिथली फळमाशी पुष्कळ आटोक्यात आणली. किडकी फळं पुरली की तिची पिल्लंही पुरली जातात. म्हणून त्यांनी तंबू उभारले, किडकी फळं आत टाकली, आणि वरच्या झरोक्याला अशी जाळी लावली की फळमाशी अडावी आणि गांधीलमाशी निसटावी. किती साधी युक्ती! पण ती सुचायला दोघींच्या अंगाची जाडी माहीत असावी लागते.

आपल्या झाडावर आधीच असलेल्या मदतनिसांकडे आपण असं पाहतो का? तांबडे मुंगळे घ्या, आंब्याची पानं शिवून घर करणारे. काही ठिकाणी त्यांना हुमले म्हणतात. ते दिसले की घरटं काढून जाळतात, कारण झेला घेऊन वर चढलेल्या गड्याला ते फोडून काढतात. त्याचा राग खोटा नाही. चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी या मुंगळ्यांची घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. ऑस्ट्रेलियात डार्विनला रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी आंब्याच्या आणि काजूच्या बागांत हे मुंगळे राखून पाहिले. किडी कमी झाल्या, काजूवरच्या ढेकण्याच्या भाऊबंदांचा उपद्रवही घटला. तोटाही आहे, हे मुंगळे पिठ्या ढेकणाला सांभाळतात. नफा जास्त की तोटा? हापूसच्या बागेत, कातळावरच्या, आपल्या हवेत? याचं उत्तर डार्विनमधून येणार नाही. ते इथल्या कलमांवर मोजावं लागेल.

माडांच्या बाबतीत तर काही न करणं हाच उपाय ठरला. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला चक्राकार पांढरी माशी दिसली, मग ती किनाऱ्याने वर सरकत आपल्याकडे आली. झावळ्यांच्या खालून पांढरी वर्तुळं, वरून काळी बुरशी. लोक घाबरले. शास्त्रज्ञांनी सांगितलं, रासायनिक फवारणी करू नका, कारण एन्कार्सिया नावाची परोपजीवी गांधीलमाशी तिच्या मागोमाग आली आहे आणि तिला पिल्लावस्थेतच संपवते आहे. तुम्ही फवारलंत, तर आधी एन्कार्सिया मरेल. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात जाऊन विचारा, ते तुम्हाला झावळीच्या मागे भिंगातून दाखवतील. निरोगी पिल्लू पांढरं, एन्कार्सिया शिरलेलं काळपट. एवढा एक फरक ओळखता आला तर फवारणीचा खर्च वाचतो.

आता मी मागच्या रांगांकडे वळतो.

मुलांनो, मुलींनो, तुमच्यापैकी कुणी म्हणालं की मला किड्यांचा अभ्यास करायचा आहे, तर घरी काय विचारतात ते मला माहीत आहे. किडे मोजून पोट भरतं का? प्रश्न चुकीचा नाही. आईवडिलांनी कर्ज काढून शिकवलेलं असतं. याचं उत्तर मात्र तुमच्याकडून मागू नये, ते या सभागृहातल्या मोठ्यांनी द्यायला हवं. फवारणीवर एक हंगाम आपण किती खर्च करतो? औषध, मजुरी, पेट्रोल, पाण्याचा टँकर. त्यातला एक लहानसा हिस्सा वाडीने एकत्र करून मोजणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पगार का देऊ नये? कृषी खात्याचं फळपिकांसाठीचं ‘हॉर्टसॅप’ हे कीड सर्वेक्षण आहे, ते आणि दापोलीचं विद्यापीठ मार्गदर्शनाला आहेत. पण दर आठवड्याला, त्याच झाडांवर, पहाटे जाणारी व्यक्ती गावातलीच लागते. कारण कलम कुठल्या बाजूने आधी मोहोरतं, वारं कुठून येतं, कुठल्या वळचणीला दमट राहतं, हे तिला ठाऊक असतं.

काम कसं असतं? दहा पट मोठं दाखवणारं भिंग, वही, पांढरा कागद, पिवळा चिकट सापळा. खुणेची झाडं ठरवायची, चारही दिशांचे मोहोर पाहायचे, आकडा लिहायचा. कंटाळवाणं आहे का? पहिले काही दिवस असतं. मग एक दिवस आकडा अचानक वर जातो आणि बागेत कुणालाही कळलेलं नसताना ते तुम्हाला कळलेलं असतं. हॉवलेटला तेलाच्या कुपीभोवती सगळे नर दिसले तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची थोडी चव तुम्हाला तिथे मिळेल. रत्नागिरीचं नाव फक्त फळांच्या पेट्यांवरच का असावं? फळमाशीची कुठली परोपजीवी हातखंब्याच्या परिसरात आहे, किती आहे, कुठल्या महिन्यात आहे, हे शोधून ज्याने छापलं त्याचं नाव जगातला फळमाशीचा प्रत्येक अभ्यासक वाचेल.

सुरुवात करायला एक रुंद तोंडाची बरणी पुरते. तळाशी चाळलेली ओली वाळू घाला, चार बोटं. त्यावर झाडाखालचं किडकं फळ ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधा. बरणीवर चिठ्ठी लावा: तारीख, वाडी, कुठल्या झाडाखालचं. आठवड्याने फळ काढून टाका आणि वाळू चाळा, कोष मिळतील. ते पुन्हा कोरड्या वाळूत ठेवा आणि रोज पाहा. बहुतेक कोषांतून फळमाशी निघेल. एखाद्यातून काळी, बारीक कमरेची, लांब मिशांची गांधीलमाशी निघेल. ती निघाली तर मारू नका, माझ्याकडे किंवा विद्यापीठाकडे आणा.

बागायतदारांसाठी बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, वाडी, कलमं किती, सापळे आहेत की घ्यायचे आहेत, एवढंच लिहायचं. सगळ्या वाड्यांनी एका आठवड्यात सापळे टांगायचे, तर यादी फेब्रुवारी संपायच्या आत पुरी व्हायला हवी, म्हणजे सापळे आणि द्रावण एकत्र मागवता येईल. आणि ज्या मुलांना बरणी लावायची आहे त्यांनी थोडं थांबावं. बरण्या आणि वाळू मागच्या खोलीत आहेत.